डोंगरावरचे गुरुवार

माझे आजवर जेवढे फोटो निघाले, त्यांतला एकच मला माझ्यासारखा वाटतो. पासपोर्ट आकाराचा आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि त्यात मी हसत नाही. तो गंगाखेडच्या किसनराव साळव्यांनी काढला.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सोनपेठकडच्या आमच्या खेड्यातून येऊन गंगाखेडच्या एका शाळेत मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. सेवापुस्तकाला फोटो हवा होता, आणि माझ्या खोलीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, साळव्यांचा स्टुडिओ होता. मधल्या सुट्टीत धावत गेलो. दोन मिनिटांत काम होईल असा हिशेब होता. साळव्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्टुलावर बसवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं.

"पळत आलाव?"

"नाही. म्हणजे, थोडं."

"मग बसा जरा इत्मिनानानं. पळणाऱ्या माणसाचा फोटो त्याचा नसतोय."

मी पाणी प्यालो. ते कॅमेऱ्यापाशी उभे राहून खिडकीबाहेर बघत होते, जणू मी तिथं नव्हतोच. मी हसरा चेहरा करून बसलो. त्यांनी तिकडेच बघत सांगितलं, "हसू नका. गंभीरबी होऊ नका. नुसतं असा." शेवटी मी कंटाळलो, शाळेची घंटा झाली असेल का या विचारात पडलो, आणि त्याच क्षणी खटका वाजला.

"नुसतं असा." हे ते प्रत्येकाला सांगायचे. नवरदेवाला, शाळेच्या पोरांना, पेन्शनच्या फोटोसाठी आलेल्या म्हाताऱ्यांना. लोकांना ते जमत नसे, म्हणून साळव्यांच्या दुकानात वेळ लागे.

बांधा ठेंगणा. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. उजव्या अंगठ्याचं नख फोटो धुण्याच्या औषधानं कायमचं तपकिरी झालेलं. बोलतानाही डावा डोळा निम्मा मिटलेला असायचा. कुणाच्या घरी गेले की आधी खिडकी कुठं आहे ते शोधायचे. "तुमच्या घरात उजेड चांगला हाय," ही त्यांची सगळ्यात मोठी तारीफ. आणि एखादा माणूस अगदीच मनातून उतरला तर म्हणायचे, "त्यो उजेडात थांबत न्हाई." त्यापुढं त्या माणसाबद्दल एक शब्द नाही.

स्टुडिओत मागं एक रंगवलेला पडदा होता. बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात दोन हंस. तालुक्यातली निम्मी जोडपी त्या हंसांसमोर उभी राहिलेली. साळव्यांना तो पडदा आवडत नसे. एकदा त्यांनी परभणीहून पेंटर आणला आणि स्वतः काढलेला फोटो समोर ठेवून नवा पडदा रंगवून घेतला. आपल्याच भागातला बालाघाटाचा डोंगर, चार पळस, काळे खडक, कलता उजेड. मला तो फार आवडला. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते राणीसावरगावकडचं एक नवं जोडपं, सोबत मुलीचा बाप. बापानं पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"हे तर आमच्या शेतामागचं माळ हाय! ह्याच्यापुढं उभं राहायला गंगाखेडला कामून यायचं? हंस कुठं गेले?"

"हंस कधी बघितलाव का तुमी?" साळव्यांनी विचारलं.

"न्हाई. म्हणूनच तर पायजे!"

साळवे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. हंसांचा पडदा पुन्हा लागला. "बरुबर हाय त्येचं," ते मला म्हणाले. "माळ त्येला रोज बघायचंच हाय. माळ बघायची गरज मला हाय."

ही गरज काय ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एवढं दिसत होतं की गुरुवारी दुकान बंद असायचं. दुपारच्या बसनं साळवे एकटे राणीसावरगावच्या रस्त्याला जायचे, खांद्यावर कॅमेऱ्याचं सागवानी तिकाटणं, पिशवीत वरून खाली बघायचा दोन भिंगांचा कॅमेरा आणि फडक्यात भाकरी. अंधार पडल्यावर परत यायचे. कुणी विचारलं, तर "फुरसतीवर गेलो होतो," म्हणायचे. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, डोक्याला हात लावायच्या. "डोंगर काय पळून चाललाय? आठवडा झाला की चालले बघायला!" वहिनींचं माहेर त्याच डोंगराच्या पायथ्याचं. लहानपणी तिथं सरपण गोळा करून त्यांचे पाय सोलले होते. त्यांना त्या डोंगराचं कसलं कौतुक असणार? पण गुरुवारची भाकरी त्याच बांधून द्यायच्या, आणि शुक्रवारी अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या थाळीतून तो एक फोटो त्याच धुऊन काढायच्या.

हो, एकच फोटो. दर गुरुवारी एक.

एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती, तेव्हा मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं. साळव्यांनी थोडा विचार केला. "या. पण बोलायचं न्हाई लय."

घाटाच्या वळणावर आम्ही उतरलो. तरवडाच्या झुडपांतून, सुटलेल्या खडीवरून अर्धा तास चढलो. वर एक सपाट खडक होता. त्यांनी तिकाटणं उभं केलं, कॅमेरा बसवला, त्यावर टॉवेल टाकला. मग आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा खाल्ला. नंतर ते सरळ आडवे झाले आणि टोपी तोंडावर घेतली. मी बघत बसलो. डोंगर म्हणावा तर बालाघाट तसा मोठा नाही. एकामागं एक सपाट माथ्याच्या टेकड्या, मधल्या खोऱ्यांत ज्वारीचे पट्टे. पण ऊन कलायला लागलं तसं प्रत्येक टेकडीची कड वेगळी निघाली. जवळची काळी, पुढची राखी, त्यापुढची धुरकट, आणि सगळ्यांत लांबची आहे की नाही अशी.

साळवे न बोलावता उठले. टॉवेल काढून कॅमेऱ्यावर वाकले. बराच वेळ तसेच वाकलेले. मला वाटलं, आता काढतील, आता काढतील. सूर्य टेकला, अर्धा गेला, सगळं आभाळ लाल झालं. साळवे हलले नाहीत. सूर्य पूर्ण गेला, लाली ओसरली, आणि टेकड्यांवर एक मऊ, बिनरंगाचा उजेड राहिला. तेव्हा खटका वाजला.

"मघाशी का नाही काढला?" मी न राहवून विचारलं. "एवढं सुंदर लाल झालं होतं."

"माझ्या फिल्मीत लाल कुठं येतंय सर? काळं-पांढरं हाय ते." मग कॅमेरा पिशवीत ठेवता ठेवता म्हणाले, "अन् लाल सगळ्यालाच दिसतंय. लाल गेल्यावर काय ऱ्हातंय, ते बघायला येतो मी."

मला ते वाक्य आवडलं. वहीत लिहून ठेवलं. त्याचा अर्थ कळायला मात्र आणखी दोन वर्षं जावी लागली, आणि ज्या रीतीनं तो कळला ती आठवली की अजून मान खाली जाते.

तो काळ असा होता की चहाच्या टपरीवर नामांतराचा विषय निघाला, तर माणसं आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघायची आणि मग बोलायची. विद्यापीठाचं नाव बदलायच्या प्रश्नावरून अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात खेडोपाडी बौद्धांची घरं जाळली गेली होती. साळवे बौद्ध. मी कुणब्याचा. आम्ही दोघं रोज एकमेकांच्या दारात बसायचो, पण हा विषय कधी काढला नव्हता. मला वाटायचं, याला समंजसपणा म्हणतात.

एका रविवारी सकाळी माझे मामा खोलीवर आले. सोबत त्यांच्या सोयरिकीतले एक बापू होते, नदीकाठच्या एका गावचे. पांढरं धोतर, गोड बोलणं. बापूंच्या गावातली वस्ती जळाली होती, तिचा खटला इतक्या वर्षांनी उभा राहिला होता. आरोपींत बापूंचा पुतण्या होता. आणि त्या वेळी पंचनाम्याचे फोटो पोलिसांनी साळव्यांकडून काढून घेतले होते. फोटो कोर्टात होते, पण त्यांच्या निगेटिव्ह साळव्यांच्या दुकानात होत्या, आणि निगेटिव्हशिवाय त्या फोटोंना पुरावा म्हणून किंमत नव्हती.

"काही वाईट करा म्हणत न्हाई आमी," बापू म्हणाले. "निगेटिव्ह ओलीनं खराब झाल्या, एवढं म्हणावं त्यांनी. चार वर्षांत होतातच की खराब. तुमचा अन् त्यांचा घरोबा हाय म्हणं."

मामा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला शिकवलं मामांनी. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "विचारून बघतो."

दुपारी रस्ता ओलांडून गेलो. साळवे फोटोच्या कडा कातरत बसले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी कातर खाली ठेवली, कपाट उघडलं, बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला आणि मला खिडकीपाशी नेलं.

"बघा. खराब झाल्यात का सांगा."

एकेक निगेटिव्ह त्यांनी उजेडासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. आभाळ काळंकुट्ट होतं आणि जळालेलं सगळं पांढरं. पांढऱ्या भिंती, पांढरे वासे, अंगणभर पसरलेलं पांढरं. पहिल्यांदा मला ते बर्फासारखं वाटलं. मग एका पांढऱ्या ढिगात जात्याची गोल पाळी दिसली, आणि ते काय आहे ते कळलं.

"चांगल्या आहेत," मी म्हणालो.

"लय चांगल्या हायत. कामच तसं हाय माझं." त्यांनी डबा मांडीवर घेतला. मग खिडकीकडे बघत बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"फोटो काढत फिरायलो होतो तवा एक म्हातारी मागं मागं यायलीती. म्हणाली, लेकरा, माझा एक काढ. घरात एकच होता, जत्रंतला, मालकासंगं. जळाला. म्या म्हणलं, आजी, ही फिल्म सरकारी हाय, माणसाचा काढता येत न्हाई, नुकसानीचाच काढायचा. गुमान बाजूला झाली. म्या जात्याचा काढला अन् म्हातारीचा न्हाई. महिन्यानं पुन्हा गेलो कॅमेरा घेऊन. ती ऱ्हायली न्हवती."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"तवापासून सांज झाली, आभाळ लाल झालं की दुकानाचं दार लावून आत बसायचो. एक डाव सासुरवाडीहून येताना बस हुकली, तिथं खडकावर बसून ऱ्हावं लागलं. दार लावायला दारच न्हवतं. बसलो बघत. लाल आलं अन् गेलं. काय जळालं न्हाई. टेकड्या जिथल्या तिथं. मग पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो, खरंच तसंच हुतंय का बघायला."

मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं. मी फक्त निरोप आणला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"तुमच्यावर राग न्हाई सर. पर तुमी निरोप घेऊन आला, हे मी ध्यानात ठेवणार. इसरलो म्हणलं तर ते तुमच्याशी खोटं वागणं हुईल."

आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालो. तेवढा कडू चहा पुन्हा कधी प्यालो नाही, आणि साखर तर नेहमीएवढीच होती.

खटल्याच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. मामांना कळेल हे माहीत होतं, कळलंही, आणि पुढं दोन वर्षं आमचं बोलणं बंद राहिलं. कोर्टात मागच्या बाकावर बसलो. साळवे गळ्यापर्यंत बटणं लावून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे होते. आरोपींच्या वकिलांनी चौकशी पक्की केलेली दिसली.

"तुम्ही दर आठवड्याला डोंगरावर जाऊन सूर्यास्ताचे फोटो काढता. खरं आहे?"

"खरं हाय."

"म्हणजे तुम्ही कलावंत. उजेड कसा धरायचा, साधी गोष्ट भयंकर कशी दाखवायची, हे तुम्हाला चांगलं जमत असेल. शिवाय तुम्ही त्याच समाजाचे."

"समाजाचा हाय," साळवे म्हणाले. "फोटोचं म्हणाल तर, सूर्य मी मावळवत न्हाई साहेब. तो मावळतोय, मी तिथं उभा असतो. हेबी तसंच हाय. जाळलं दुसऱ्यांनी, मी तिथं उभा होतो."

पुढं त्यांनी निगेटिव्ह एकेक करून ओळखल्या. प्रत्येक वेळी म्हणायचे, "ही माझी हाय."

त्या साक्षीनं निकाल बदलला असं मात्र झालं नाही. बाकीचे साक्षीदार एकामागून एक फिरले. कुणाला रानात काम हवं होतं, कुणाला त्याच गावात राहायचं होतं. फोटोंवरून घरं जळाली हे सिद्ध झालं, कुणी जाळली ते झालं नाही. सगळे सुटले. बापूंच्या गावात ढोल वाजल्याचं गंगाखेडपर्यंत ऐकू आलं, म्हणजे लोकांनी येऊन सांगितलं. त्यानंतर नदीकाठच्या चार-पाच गावांतून साळव्यांना लग्नाची कामं यायची थांबली. रंगीत फोटोंचं एक नवं दुकानही तेव्हाच निघालं, लोकांना कारण सापडलं.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारी पाहतो तर साळवे तिकाटणं खांद्यावर घेऊन निघालेले. मी रस्त्यात गाठलं.

"आजसुद्धा?"

"गुरुवार हाय न्हवं?" मग दोन पावलं जाऊन थांबले. "येता का?"

मी गेलो. वर बसून भाकरी खाल्ली. पण या वेळी ते आडवे झाले नाहीत. पाय खाली सोडून खडकाच्या कडेला बसून राहिले, आणि एकदा, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओळखल्या तर सगळ्या. एकबी सोडली न्हाई." मग उजेड उतरला, ते उठले, फोटो काढला. दुसऱ्या आठवड्यात वहिनींनी तो मला दाखवला. हात हलला होता. टेकड्या दुहेरी दिसत होत्या. तेवढा एकच तसला फोटो मी त्यांचा पाहिला. वहिनी म्हणाल्या, "टाकून द्या म्हणत होते. मी ठेवला."

नंतर माझी बदली पूर्णेला झाली. जंक्शनचं गाव, दिवसरात्र गाड्यांचा आवाज, लग्न, मुलं. सुरुवातीला पत्रं जायची, मग दिवाळीला एक, मग तीही राहिली. गंगाखेडवरून कितीदा तरी गेलो असेन, पण उतरायचं म्हटलं की काहीतरी आडवं यायचं. खरं सांगायचं तर आडवं काही येत नव्हतं. त्यांनी ध्यानात ठेवलेलं असणार, या विचारानं पाय उचलत नसे.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, मी राणीसावरगावाकडून एका लग्नाहून परत येत होतो. वार माझ्या लक्षातही नव्हता. घाटाच्या वळणावर बसचं इंजिन तापलं. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन खाली उतरला, माणसं पाय मोकळे करायला उतरली, मीही उतरलो. सहज वर पाहिलं. वाट लांबून वळसा घालून जात असली तरी तो खडक वळणाच्या बरोबर वर, हाकेच्या अंतरावर होता.

खडकावर तिकाटणं उभं होतं. पण कॅमेऱ्यामागं साळवे नव्हते, वहिनी होत्या. हिरवं लुगडं, केस पांढरे झालेले. कॅमेऱ्यावर वाकून, डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्यांनी काचेवर सावली धरली होती. मधेच सरळ व्हायच्या, डोंगराकडे बघायच्या, तिकाटणं बोटभर सरकवायच्या आणि पुन्हा वाकायच्या. त्यांना घाई नव्हती. साळवे शेजारी खडकाला पाठ टेकून पसरले होते, हात पोटावर, चपला काढून ठेवलेल्या. झोपले असावेत असं वाटलं, पण तेवढ्यात वहिनींनी काहीतरी विचारलं आणि त्यांनी नुसती बोटं हलवून सांगितलं, थांब अजून.

हाक मारावीशी वाटली. अर्ध्या तासाची चढण होती, आणि बस थांबणार नव्हती, ही सबब मला आयतीच मिळाली असती. पण मी वर गेलो नाही ते त्या सबबीमुळं नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाला एवढं निवांत मी पाहिलं नव्हतं. मी गेलो असतो तर ते उठून बसले असते.

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीशी बसलो. बस वळली तेव्हा सूर्य टेकड्यांच्या वर अजून वीतभर होता, साळव्यांचे डोळे मिटलेले होते आणि वहिनी उजेडाची वाट बघत उभ्या होत्या.